वादी, वादपटू की वक्ता? एका शब्दाची पार्श्वभूमी

गेल्या हिवाळ्यात नागपुरातल्या एका महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेच्या प्रमाणपत्राचा मजकूर तपासायला माझ्याकडे आला. त्यात 'उत्कृष्ट वादी' असं लिहिलं होतं. व्याकरणाने चूक नाही, पण वाचून हसू आलं. मग स्पर्धेत वादविवाद करणाऱ्याला मराठीत म्हणावं तरी काय?

न्यायसूत्रांच्या, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथाच्या, काळी हा घोळ नव्हता. सत्य शोधायला वाद, जिंकायला जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती खोडायला वितंडा. आजच्या स्पर्धेत संघात दोघे असतात, एक विषयाच्या बाजूने, दुसरा विरोधात. मनातून काय पटतं ते कोणी विचारत नाही. म्हणजे हा खरा जल्पच. मराठीने जल्प जवळपास सोडून दिला, वितंडेचा वितंडवाद केला आणि 'वाद' भांडणाला देऊन टाकला. शेताच्या धुऱ्यावरून भावाभावांत होतो तो वादच. 'काऊन वाद घालून रायला बे?' हे कौतुक नव्हे. अरबीतून आलेल्या 'हुज्जत'चंही तेच झालं. मुळात पुरावा, इथे कटकट.

'वादी'ची गुंतागुंत मात्र नागपुरात जरा जास्तच. दिवाणी दाव्यात तो दावा लावणारा, समोर प्रतिवादी. बोलण्याचं काम दोघांचेही वकील करतात, वादी बाकावर गप्प. गाण्यात वादी म्हणजे रागाचा मुख्य स्वर. शिवाय शब्दाला मागून चिकटला की तो विचार मानणारा होतो: साम्यवादी, आंबेडकरवादी आणि अर्थात वेगळं विदर्भ राज्य मागणारा विदर्भवादी. विदर्भाला मराठी राज्यात आणण्यासाठीचा १९५३चा नागपूर करार, १९५५च्या राज्य पुनर्रचनेच्या अहवालात वेगळ्या विदर्भाची शिफारस, १ नोव्हेंबर १९५६ला नागपूरचं जुन्या मध्य प्रदेशाचं राजधानीपण जाऊन द्विभाषिक मुंबई राज्यात सामील होणं, मग १९६०. एवढं झाल्यावर इथे कोणाला नुसतं 'वादी' म्हटलं, तर 'कोणता?' हा प्रश्न येणारच. विदर्भवादी आपली बाजू सोडत नाही. स्पर्धेतल्या मुलाला तीच बाजू पुढच्या फेरीत खोडावी लागते. दोघांना एक शब्द देणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

दुसरे पर्यायही तपासले. 'वादक' त्याच वद् धातूचा, पण तो तबल्यापाशी बसलेला. 'वक्ता' सभेत एकटा बोलतो, खंडनाची फेरी त्याच्या वाट्याला नाही. जुनी राजधानी हिंदी-मराठी अशी दुभाषिक होती, त्यामुळे युक्तिवादासाठी 'बहस' इथे कानावर असतो. पण बहस करणाऱ्याला मराठीत सुटसुटीत नाव नाही.

उरला 'पटू'. संस्कृत पटु म्हणजे कुशल. १९६२च्या लेखननियमांनुसार शेवटचा उकार दीर्घ. क्रीडापटू, बुद्धिबळपटू यांच्या रांगेत 'वादपटू' बसतो, मुलगा असो की मुलगी, बदलत नाही. आयोजकांपैकी एकाचा आक्षेप होता की 'वादपटू' म्हणजे भांडखोर वाटेल. त्यावर तासभर चर्चा झाली, तीही जल्पाच्या अंगानेच. शेवटी 'वादविवादपटू' ठरलं. ओळीत मावेना म्हणून छपाईवाल्याने अक्षर दोन पॉइंटने लहान केलं.