ओळखपत्राच्या छायाचित्राची पारख

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओ केवायसीला, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून ग्राहकाची ओळख पटवण्याला, परवानगी दिली आणि अनेकांची बँकेच्या शाखेतली खेप वाचली. पण शाखेतला कर्मचारी कार्ड हातात घेऊन, उजेडात तिरपे धरून तपासू शकत असे. दूरस्थ व्यवहारात त्याच्यापुढे असते ते केवळ कार्डाचे चित्र.

चित्रातली फेरफार डोळ्यांना दिसली नाही तरी गणिताला दिसू शकते. जेपेग स्वरूपात फोटो साठवताना त्याचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातला, नजरेला फारसा न जाणवणारा तपशील टाकून दिला जातो. दुसऱ्या फोटोतून कापलेला चेहरा कार्डावर डकवला, तर त्याच्या जुन्या चौकोनांची चौकट कार्डाच्या फोटोच्या चौकटीशी जुळण्याची शक्यता ६४ मध्ये एक इतकीच असते, आणि न जुळलेल्या चौकटीचा माग काढता येतो. मात्र तोच फोटो पुन्हा आकसून पाठवला की हा माग पुसट होतो. बदललेले कार्ड छापून किंवा पडद्यावर दाखवून त्याचा नव्याने फोटो काढला, तर चौकटीतली विसंगतीच नाहीशी होते. तेव्हा शोध वेगळ्या खुणांचा घ्यावा लागतो: पडद्याच्या आणि कॅमेऱ्याच्या बिंदुजाळ्या एकमेकींवर पडून उमटणारे लाटांसारखे पट्टे, छपाईचे ठिपके, कार्ड हलवले तरी न बदलणारी चकाकी.

क्रमांकही काही सांगतो. आधारचा बारावा अंक आधीच्या अकरांवरून व्हेरहॉफ पद्धतीने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले तर ते कळते. पण हा नियम जाहीर असल्याने सावध भामटा तो पाळतोच. व्यक्तीच्या पॅनमधले पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते, तरी लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीचा पॅन तोच राहतो, म्हणून निव्वळ ते अक्षर जुळले नाही यावरून तिच्यावर संशय घेणे अन्यायाचे ठरेल.

माझ्या मते खरा भरवसा आधारच्या क्यूआर कोडवर ठेवावा, कारण त्यातल्या माहितीवर आधार देणाऱ्या प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असते आणि एक अक्षर बदलले तरी ती पडताळणीत टिकत नाही. चोरलेले अस्सल कार्ड मात्र या परीक्षेतूनही सुटते. तिथे कार्डावरचा चेहरा व्हिडिओतल्या जिवंत चेहऱ्याशी ताडून पाहावाच लागतो.