पालकच वैरी: पोरक्या वारसांच्या थरारकथा कुठून आल्या?

सप्टेंबर 2001 मध्ये ‘द ग्लास हाउस’ नावाचा हॉलिवूडपट आला. आईवडील मोटार अपघातात गेलेली रूबी आणि तिचा धाकटा भाऊ जुन्या शेजाऱ्यांच्या ताब्यात जातात. मालिबूच्या समुद्रकाठी काचेचा बंगला, बोलायला गोड माणसं. मग हळूहळू उलगडत जातं, की यजमान कर्जात गळ्यापर्यंत बुडालाय आणि त्याचा डोळा पोरांच्या नावच्या चाळीस लाख डॉलरवर आहे. चित्रपट म्हणून बेताचाच. साचा मात्र जुना आणि पक्का आहे, आणि त्या साच्याची पाळंमुळं पटकथेपेक्षा कायद्यात जास्त खोल गेलेली आहेत.

हा साचा ठाकठीक बसवला तो शेरिडन ले फानू या आयरिश लेखकानं, 1864 च्या ‘अंकल सायलस’ या कादंबरीत. त्याच्या आधी 1794 मध्ये अ‍ॅन रॅडक्लिफनं पोरक्या एमिलीला आत्याच्या नवऱ्याच्या किल्ल्यात कोंडलं होतं, पण तिथं भीती अंधाऱ्या जिन्यांची आणि पडद्यांची होती. ले फानूनं भीती कागदावर आणली. मॉडचे वडील मृत्युपत्रात लिहितात, की मुलगी सज्ञान होईपर्यंत तिचे पालक म्हणजे माझे धाकटे भाऊ सायलस. आणि त्याआधी मुलीचं बरंवाईट झालं तर सगळी मिळकत सायलसची. सायलसवर पूर्वी खुनाचा संशय आलेला असतो. भावावर आपला किती विश्वास आहे हे जगाला दाखवण्यासाठी बाप असं लिहून ठेवतो! पुढची शेकडो पानं त्या एका अटीवर उभी आहेत. वाचकाला पहिल्यापासून कळतं की मुलगी जगली तर काकाचं नुकसान आहे, आणि ती सज्ञान व्हायला किती अवधी उरलाय. थराराला एवढं भांडवल पुरतं.

हा प्रश्न ले फानूला काही स्वप्नात दिसला नव्हता. इंग्लंडात आठव्या हेन्रीनं 1540 मध्ये पोरक्या वारसांसाठी वेगळं न्यायालयच काढलं होतं. जमीनदाराचा अज्ञान वारस राजाच्या ताब्यात यायचा आणि त्याचं पालकत्व राजा चक्क विकायचा. विकत घेणारा मिळकतीचं उत्पन्न खायचा, वर मुलाचं लग्न लावण्याचा हक्कही त्याचाच. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, फोर्टेस्क्यू या न्यायाधीशानं बजावलं होतं की ज्याला वारसा मिळणार त्याच्याच हाती पोर देणं म्हणजे कोकरू लांडग्याच्या हवाली करणं. ग्रीसमध्ये डेमॉस्थेनिस सात वर्षांचा असताना बाप गेला. तिघा पालकांनी मिळकत उडवली आणि मोठा झाल्यावर त्यानं त्यांना कोर्टात खेचलं. खटला जिंकला, पैसा मात्र थोडाच हाती आला. आपल्याकडे मनुस्मृती सांगते की बालकाचा वारसा राजानं सांभाळावा, तर कौटिल्य ते काम गावातल्या वृद्धांवर सोपवतो. नात्यातल्या माणसाच्या हाती सगळं देऊन मोकळं होऊ नये, एवढं शहाणपण सगळीकडे आलेलं दिसतं.

मराठी माणसाला ‘काकाच्या हाती पुतण्या’ म्हटलं की शनिवारवाडा आठवतो. 30 ऑगस्ट 1773, अठरा वर्षांचे नारायणराव आणि ‘काका, मला वाचवा’. लाक्षागृहही याच जातकुळीतलं, बाप गेलेल्या पुतण्यांसाठी मुद्दाम बांधलेलं देखणं घर. मालिबूच्या बंगल्यात काच आहे, वारणावतात लाख होती.

पण कोल्हापुरात बसून हा विषय लिहायचा तर पुण्याला तरी कशाला जायचं? कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. पुढच्या वर्षी सावंतवाडीकडच्या भोसले घराण्यातलं एक आठ वर्षांचं पोर दत्तक घेऊन गादीवर बसवलं. हे चौथे शिवाजी. राजा लहान, कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली, आणि शिक्षणापासून दिनक्रमापर्यंत सगळं नेमलेल्या माणसांच्या हाती. काही वर्षांनी बातमी पसरली की महाराजांच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यावर दुसरी बातमी अशी की परिणाम बिरिणाम काही नाही, धडधाकट पोराला छळून वेडं ठरवलं जातंय. बोट कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्याकडे होतं.

‘केसरी’ आणि ‘मराठा’ या नव्याकोऱ्या पत्रांनी ही बाजू उचलून धरली. आधाराला बर्व्यांची म्हणून दाखवलेली पत्रं होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, तरी जुलै 1882 मध्ये चार महिन्यांची शिक्षा झालीच. पैकी 101 दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. सुटल्यावर त्यांचं जंगी स्वागत झालं, आगरकरांनी तुरुंगातल्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. महाराजांना मात्र अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं होतं. तिथं 25 डिसेंबर 1883 रोजी, देखरेखीला असलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाल्यावर त्यांचा मृत्यू झाला. वय वर्षं 20.

या प्रकरणात बर्वे खलनायक होते असं कोर्टानं म्हटलं नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण मांडणी पाहा. ज्याच्यावर अन्याय होतोय म्हणतात त्याच्या कपाळावर वेडाचा शिक्का, म्हणून त्याच्या शब्दाला किंमत नाही. त्याच्या वतीनं बोलणाऱ्यांच्या हाती खोटा पुरावा, म्हणून खरी शंकाही बाद. पालक वाईट आहे का, यापेक्षा पोराचं कोण ऐकणार हा प्रश्न या कथाप्रकारात जास्त छळतो, तो इथं लख्ख दिसतो. पुढच्याच मार्चमध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला, दहाव्या वर्षात असलेला मुलगा दत्तक आला. त्याच्या हाती कारभार यायला 1894 उजाडलं. ते शाहू महाराज. तीच गादी, तसंच बालपण, आणि शेवट इतका वेगळा, की पहिल्या मुलाची आठवण त्यात झाकोळून गेली.

कायद्यानं लांडग्याच्या पायात दोरी बांधली ती नंतर. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यानं कोर्टानं नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय अज्ञानाची जमीन विकायला किंवा गहाण टाकायला बंदी केली, आणि समज आलेल्या मुलाची पसंतीही कोर्ट विचारात घेऊ शकतं असं म्हटलं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानं तर स्थावर विकायला खुद्द आईबापांनाही कोर्टाची वाट दाखवली. करवीर तालुक्यातला एखादा जुना सातबारा काढून बघा: पोराचं नाव, पुढं वय, मग ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि त्या पालनकर्त्याचं नाव. चुलत्याचं नाव असलेल्या अशा ओळीवरून किती भाऊबंदक्या कोर्टात गेल्या असतील ते तलाठ्यांनाच विचारावं.

पडद्यावर हा पालक आपल्याकडे आधी रडवायला आला, घाबरवायला नंतर. 1929 मध्ये कोल्हापुरात जन्मलेली ‘प्रभात’ पुण्याला गेली आणि तिथं 1937 मध्ये ‘कुंकू’ निघाला. त्यातल्या पोरक्या नीराला मामाच फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधतो. ‘सीता और गीता’त (1972) चाची पुतणीच्या पैशावर घर चालवते आणि पुतणीलाच मोलकरीण करते, तेही हसतखेळत. खलनायक पहिल्याच दृश्यात ओळखू येत असल्यामुळे आपल्या या पटांत छळ असतो, संशय नसतो. विलायती थराराची खरी मेख ही की पालक आपल्यालाही आवडला पाहिजे. तो मुलांना नवे कपडे आणतो, जेवायला वाढतो, आणि मग एक दिवस म्हणतो, ‘इथं एक सही कर, बाळ.’

आताच्या पोरांच्या हाती मोबाइल असतो, म्हणून लेखकांना आधी रेंज घालवावी लागते. ते जमलं नाही तर हुकमी उपाय आहेच: पोरीला औषधं सुरू आहेत, तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. मराठीत कुणाला असा थरार लिहायचा असेल, तर 1882 च्या त्या खटल्याची हकिकत आजवर बहुतेक डोंगरीच्या बाजूनं सांगितली गेली आहे. नगरच्या किल्ल्यातल्या मुलाच्या बाजूनं लिहायला पुष्कळ जागा आहे.