रोहितनिरीक्षण, ठाणे खाडीतील

मुंबई व नवी मुंबई यांमधील ठाणे खाडीच्या काठांवर हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालणारे रोहित (फ्लेमिंगो, अग्निपंख) पक्ष्यांचे निरीक्षण. शिवडी, ऐरोली व नेरूळ ही त्याची परिचित ठिकाणे असून एप्रिल-मे हा ऐन हंगाम होय.

खाडीत दोन जाती आढळतात. धाकटा रोहित संख्येने पुष्कळ अधिक. त्याची चोच गडद, काळपट तांबडी असते. थोरला उंच व फिकट. त्याची चोच गुलाबी, टोकाशी काळी. दोघेही चोच उलटी धरून जिभेने पाणी आत-बाहेर करीत अन्न गाळतात. धाकटा प्रामुख्याने पृष्ठभागालगतचे नील-हरित शैवल टिपतो. थोरला पायांनी चिखल तुडवीत जागच्या जागी गोल फिरतो आणि वर आलेले कृमी-कवचधारी जीव खातो.

हे थवे येथे केव्हापासून येऊ लागले, याविषयी एकमत नाही. शिवडीला मोठ्या संख्येने आल्याचे वर्ष सामान्यतः १९९४च्या सुमारास धरतात. तुरळक पक्षी त्याआधीही येत असावेत. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे शैवल माजले, हे कारण अधिक ग्राह्य वाटते. मात्र साचत गेलेला गाळ व गुजरातेतील पाणथळींची बदलती स्थिती यांचाही वाटा असू शकेल. मूलस्थानाबाबत, धाकट्या रोहितांचा पूर्व आफ्रिकेशी जोडलेला संबंध आता मागे पडला असून कच्छचे रण व गुजरात किनारा यांकडेच अभ्यासकांचा कल आहे. पावसाळ्यात रण पाण्याने भरते आणि प्रजननास अनुकूल होते. जूनमधील प्रस्थानाशी हे जुळते. थोरल्यांच्या बाबतीत इराणमधील उर्मिया सरोवरावर कडी घातलेले पक्षी भारतात सापडले आहेत, त्यामुळे सर्वच थवे कच्छचे मानणे धाडसाचे ठरेल.

पूर्ण ओहोटीला पक्षी दूर चिखलात पांगतात. पाणी चढू लागले की शिवडी धक्क्याजवळ सरकतात. भरतीच्या वेळेसाठी कोळ्यांचा ‘तिथीची पाऊणपट’ हा आडाखा अजून चालतो : अष्टमीला (आठाची पाऊणपट) सहाच्या सुमारास भरती. ऐरोलीची नौकाफेरी मात्र भरतीलाच निघते. एप्रिल-मेच्या ऐन हंगामातच परतीच्या वाटेवरचे बाकचोच तुतारी (कर्ल्यू सँडपायपर) हे चिखलपक्षी विटकरी पिसाऱ्यात दिसतात. रोहितांच्या गर्दीत त्यांच्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

खाडीचा काही भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला व २०२२ मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या) यादीत आला. २० मे २०२४ रोजी घाटकोपर परिसरात विमानाच्या धडकेने सुमारे ४० रोहित मृत्युमुखी पडले.