कामाविषयीची भावना आणि कामगार संघटनेतील सहभाग

आपले काम, पगार, वरिष्ठ आणि आस्थापना यांविषयी कर्मचाऱ्याला जे वाटते, त्यावर तो कामगार संघटनेचा सभासद होतो का आणि झाल्यावर कितपत सक्रिय राहतो, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. औद्योगिक संबंध आणि औद्योगिक मानसशास्त्र या दोन्ही शाखांत या संबंधाचा अभ्यास होतो.

नाराज कामगार युनियनकडे वळतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. नाराजी कशाबद्दल आहे, हे आधी पाहावे लागते. अमेरिकेत १९३५च्या कायद्याने संघटना हवी की नको यावर कामगारांचे गुप्त मतदान घेण्याची सोय झाली. अशा मतदानांच्या १९७०च्या दशकातील अभ्यासांत दिसले, की पगार, नोकरीची शाश्वती आणि वरिष्ठांची वागणूक यांबद्दलचा असंतोष संघटनेच्या बाजूने पडणाऱ्या मतांशी चांगला जुळतो. काम कंटाळवाणे असल्याची तक्रार मात्र तितकी जुळत नाही. कारण उघड आहे. पगार वाटाघाटीत वाढवून घेता येतो, कामातली गोडी मागणीपत्रकात मागता येत नाही.

असंतोषाला अन्यायाचे रूप आले की तो अधिक तीव्र होतो. जादा पाळी करावी लागली म्हणून कोणी लगेच वर्गणीची पावती फाडत नाही. पण ओव्हरटाइम नेहमी मुकादमाच्या मर्जीतल्या दोघातिघांनाच मिळतो आणि पाळीचा तक्ता आदल्या संध्याकाळी न विचारता बदलला जातो, हे सगळ्यांच्या लक्षात आले की डबा खाताना त्याचीच चर्चा होते. ‘माझी अडचण’ इथे ‘आपला प्रश्न’ बनते. दोष बाजारपेठेचा किंवा नशिबाचा नसून व्यवस्थापनाचा आहे असे वाटणे, हेही यात निर्णायक ठरते.

तरीही मधे एक पायरी उरते. एकट्याने बोलून काही होणार नाही आणि संघटनेने बोलून काही होईल, या दोन्ही गोष्टी पटाव्या लागतात. दुसरी पटली नाही, तर नाराज माणूस मुकाट्याने दुसरी नोकरी शोधतो. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली ‘बाहेर पडणे’ आणि ‘आवाज उठवणे’ असे जे दोन मार्ग मांडले, ते रिचर्ड फ्रीमन आणि जेम्स मेडॉफ यांनी १९८४ मध्ये कामगार संघटनांना लावून पाहिले. त्यातून एक विसंगती पुढे आली: संघटनेचे सभासद पाहणीत कामाबद्दल अधिक नाराजी नोंदवतात, पण नोकरी कमी सोडतात. संघटना तक्रारीला वाचा फोडते म्हणून ती अधिक ऐकू येते, हे त्याचे एक स्पष्टीकरण. मुळात जिथे परिस्थिती वाईट असते तिथेच संघटना उभी राहते, हे दुसरे. आणि तेही सहज बाजूला सारता येत नाही.

सभासदत्व आणि सक्रियता यांची कारणे वेगळी असतात. वर्गणी भरणारा बहुधा फायद्याचा हिशेब करतो. पगारवाढ सरसकट सगळ्यांना मिळत असेल, तर तेवढाही हिशेब न करता बाहेर राहणारे असतातच. सभा घेणे, सहकाऱ्याची तक्रार लिहून देणे, पदाधिकारी म्हणून व्यवस्थापनासमोर बसणे यांसाठी मात्र बांधिलकी लागते. मायकेल गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये तिचे चार घटक सांगितले: संघटनेवरील निष्ठा, तिच्याविषयीची जबाबदारी, तिच्यासाठी काम करण्याची तयारी आणि संघटनेच्या तत्त्वावरील विश्वास.

ही बांधिलकी मालकद्वेषातून येतेच असे नाही. आस्थापना आणि संघटना दोन्हींविषयी आपुलकी बाळगणारे कामगार आढळतात. दोन्ही बाजूंचे संबंध सलोख्याचे असतील तिथे ही दुहेरी निष्ठा विशेष दिसते. शिक्षक किंवा परिचारिका यांच्यासारखे कामावर जीव असलेले लोक काम नीट करू दिले जात नाही म्हणूनही संघटित होतात. नव्या सभासदाच्या बाबतीत पहिल्या काही महिन्यांत जुन्या सहकाऱ्यांनी त्याला कसे सामावून घेतले आणि त्याची पहिली तक्रार प्रतिनिधीने कशी हाताळली, याचाही ठसा राहतो. निकाल विरुद्ध गेला तरी आपले म्हणणे नीट मांडले गेले असे वाटले, तर तो संघटनेत टिकतो.