‘आमच्या घराण्यातच आहे’: कोलेस्टेरॉलच्या आनुवंशिकतेची पार्श्वभूमी

रक्तातल्या मेदाच्या तपासणीत, म्हणजे लिपिड प्रोफाइलमध्ये, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १७० आला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘आमच्या घराण्यातच आहे.’ वाक्य बहुतेकदा खरं असतं. पण त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या काढायला वैद्यकाला पाऊणशे वर्षं लागली.

पहिली गोष्ट डोळ्यांना दिसणारी होती. १९३८ साली ऑस्लोच्या डॉ. कार्ल म्यूलर यांनी १७ कुटुंबांची नोंद केली. टाचेमागच्या जाड कंडरेवर आणि बोटांच्या पेरांवर कडक गाठी, रक्तात भरमसाट कोलेस्टेरॉल आणि ऐन उमेदीत छातीत कळा. हे सगळं आईबापांकडून मुलांकडे सरळ उतरत होतं. असं का होतं, ते डलासमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७४ मध्ये उलगडलं. अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या, तर त्या एलडीएलला धरूनच ठेवेनात. पेशीवरचा एलडीएल पकडणारा ग्राहकच (रिसेप्टर) बिघडलेला होता. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं.

हा दोष साधारण अडीचशेत एकाला असतो. उरलेल्या २४९ जणांचे आकडे तरी कुठे सारखे असतात?

ही झाली दुसरी गोष्ट, आणि तिचं पहिलं ठोस उत्तर एपीओई या जनुकात सापडलं. त्याची ई२, ई३ आणि ई४ अशी तीन रूपं समाजात सर्रास आढळतात. चार्ल्स सिंग आणि जाँ दाविन्याँ यांनी १९८५ मध्ये ओटावातल्या लोकांवरून हिशेब मांडला: ई२ ची एक प्रत एकूण कोलेस्टेरॉल सुमारे १४ अंकांनी खाली आणते, तर ई४ ची सुमारे ७ अंकांनी वर नेते. कुणाला गाठी नाहीत, कुणी आजारी नाही, फक्त आकडा थोडा सरकलेला.

पुढे संपूर्ण जनुकसंच चाळणं आवाक्यात आलं. २०१० मध्ये लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासातून रक्तातल्या मेदाशी जोडलेल्या ९५ जागा हाती लागल्या. त्यातली पहिल्या गुणसूत्रावरची जागा मला फार मजेशीर वाटते. तिथला डीएनएच्या एका अक्षराचा फरक कुठल्या जनुकाच्या आत नाहीच, दोन जनुकांच्या मधल्या ‘रिकाम्या’ पट्ट्यात आहे. तरी त्यामुळे यकृतात शेजारचं सॉर्ट१ हे जनुक जोमाने चालतं आणि एलडीएल उतरतो. दुसरी जागा ओळखीची निघाली, एचएमजीसीआर. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या नेमक्या याच जनुकाच्या विकरावर (एन्झाइमवर) चालतात. त्यातल्या नैसर्गिक फरकाने एलडीएल जेमतेम दोन-तीन अंकांनी हलतो, गोळीने मात्र तीस ते पन्नास टक्के उतरू शकतो. म्हणजे फरकाचा परिणाम बारीक दिसला म्हणून जनुक बिनमहत्त्वाचं, हे गणित चुकतं. या अभ्यासांतली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची होती, त्यामुळे त्यावरून काढलेले जोखीम मोजणारे गुणांक (रिस्क स्कोअर) आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

दोन्ही गोष्टी २०१३ मध्ये एकमेकींना भेटल्या. घराण्यातला मोठा दोष असल्याचं निदान झालेलं, पण तपासणीत तो न सापडलेला, असे रुग्ण पूर्वीपासून डॉक्टरांना बुचकळ्यात टाकत होते. फिलिपा टॅल्मड, स्टीव्ह हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी अशांच्या जनुकांतले १२ सर्रास आढळणारे फरक मोजले. बहुतेकांत एकच मोठा दोष नव्हता, एलडीएल चढवणारे छोटे फरक एकाच माणसात साठले होते. मोठा दोष प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. ही साठलेली रास मात्र प्रत्येक मुलाच्या वेळी पत्त्यांसारखी नव्याने पिसली जाते, म्हणून अशा घरातल्या सगळ्या नातेवाइकांची जनुकं तपासत बसण्यात फारसं काही हाती लागत नाही.