खाजणातील वाळू आली कोठून?

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या बलुचिस्तानातील पसनीच्या दक्षिणेला, समुद्रतळाखाली सुमारे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून उठलेली त्सुनामी काही तासांत अरबी समुद्र ओलांडून मुंबईला पोहोचली. येथे लाटेची उंची सुमारे २ मीटर होती अशी नोंद आहे, आणि किनाऱ्यावरची काही माणसे त्या लाटेत वाहून गेली. आज मात्र त्सुनामी म्हटले की २००४ सालचे नागपट्टणम आठवते आणि पश्चिम किनाऱ्याला हा धोका नाही असे सहज धरून चालले जाते. मकरानच्या पट्ट्यात अरबी समुद्राखालचा भूपट्ट युरेशियाच्या भूपट्टाखाली सरकत असतो. तेथे असे भूकंप किती शतकांनी होतात हे ठरवायला उपकरणांच्या नोंदी फार अपुऱ्या आहेत. त्याहून जुना पुरावा किनाऱ्यावरच्या गाळातच शोधावा लागतो.

खाडीकाठच्या खाजणात, तिवरांच्या मुळांशी, वर्षानुवर्षे बारीक काळा चिखल साचत राहतो. त्या शांत चिखलात मध्येच काही सेंटिमीटर जाडीचा वाळूचा पट्टा आढळला, त्याची खालची सीमा खरवडल्यासारखी तीक्ष्ण असली आणि जमिनीकडे जाताना तो पातळ होत गेला, तर एखाद्या जोरदार प्रवाहाने तो आणून टाकला एवढे कळते. प्रवाह कसला, हे वाळूच्या कणांवरून नेहमी सांगता येत नाही. मुंबईपुरते बोलायचे तर जुलैतल्या पुराने डोंगराकडून वाळू येऊ शकते, चक्रीवादळाच्या लाटा पुळणीवरची वाळू आत लोटू शकतात आणि त्सुनामीही तेच करू शकते. वाळूचे मूळ ठिकाण शोधण्यासाठी मग तिच्यातल्या सूक्ष्मजीवाश्मांकडे वळावे लागते.

यांत सर्वांत उपयोगी ठरतात ते फोरामिनिफेरा. हे एकपेशीय जीव असून त्यांची कवचे बहुधा कॅल्शियम कार्बोनेटची आणि एक मिलिमीटरहूनही लहान असतात. गाळाचा नमुना ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुऊन, वाळवून, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने एकेक कवच वेचले जाते. या कष्टाचे मोल असे की प्रत्येक प्रजातीची राहण्याची जागा ठरलेली असते. खाडीच्या मचूळ पाण्यात ‘अमोनिया’ या प्रजातीगटाची वस्ती असते, तिवरांच्या चिखलात वाळूचे कण चिकटवून कवच बांधणाऱ्या प्रजाती आढळतात, तर ‘ग्लोबिजेरिना’सारखे जीव खुल्या समुद्राच्या पाण्यात तरंगत जगतात. म्हणून खाजणातल्या वाळूत खुल्या समुद्रातली कवचे मोठ्या संख्येने मिळाली, तर ती वाळू नदीने आणलेली नाही हे निश्चित होते. याच गुणाच्या आधारे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील राजीव निगम यांनी लोथलच्या हडप्पाकालीन आयताकृती बांधकामातील गाळ तपासला होता आणि तेथे समुद्राचे पाणी येत होते असे दाखवले होते.

१९४५ च्या त्सुनामीबाबत हा मार्ग ओमानच्या किनाऱ्यावर वापरला गेला आहे. तेथील सूर या गावाजवळच्या उथळ खारकच्छात (समुद्राला जोडलेल्या खाऱ्या सरोवरात) त्या लाटेने टाकलेला शिंपल्यांचा थर सापडला आणि संशोधकांनी त्यातील फोरामिनिफेरांच्या प्रजाती व कवचांची झीज तपासली. लाट तीच होती, आणि ती मुंबईलाही आली होती.

डायटम ही सिलिकाचे कवच असलेली एकपेशीय शैवले दुसऱ्या बाजूने साक्ष देतात, कारण गोड्या, मचूळ आणि खाऱ्या पाण्यातल्या त्यांच्या प्रजाती वेगवेगळ्या असतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २६ जानेवारी १७०० रोजी झालेल्या महाभूकंपाच्या अभ्यासात त्यांचा फार उपयोग झाला. दलदलीच्या जुन्या मातीवर वाळूचा थर आहे आणि त्या वाळूतले डायटम समुद्राच्या बाजूचे आहेत. त्याच्यावरच्या चिखलात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले डायटम मिळतात. म्हणजे भूकंपात जमीनच खचली आणि कालपर्यंतची दलदल भरतीच्या पाण्याखाली गेली. लाट आली हे कळलेच, शिवाय जमीन किती खचली याचाही अंदाज बांधता आला.

तरीही समुद्री कवचे म्हणजे त्सुनामी, असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. त्सुनामीची तरंगलांबी शेकडो किलोमीटर असू शकते, त्यामुळे पृष्ठभागापासून तळापर्यंतचे सगळे पाणी हलते आणि वादळी लाटांच्या आवाक्याबाहेरच्या तळावरची वाळूही उचलली जाऊ शकते. खोल पाण्यातल्या प्रजाती मिळाल्या तर त्सुनामीची शक्यता म्हणूनच बळावते. पण त्या मिळाल्या नाहीत म्हणून त्सुनामी आलीच नाही असे म्हणता येत नाही. ११ मार्च २०११ च्या लाटेने जपानमधील सेंदाईच्या मैदानात टाकलेल्या गाळात समुद्री सूक्ष्मजीव फारच थोडे होते, कारण बरीचशी वाळू पुळणीवरून आणि किनाऱ्यालगतच्या जमिनीवरूनच खरवडून आली होती. तिवरांच्या आम्लयुक्त चिखलात तर कॅल्शियम कार्बोनेटची कवचे काही काळाने विरघळूनही जातात.

मुंबईत याखेरीज एक स्थानिक अडचण आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत गंभीर आहे. येथील कित्येक खाजणे भरावाखाली गेली. समुद्रतळ उपसून काढलेली वाळू भरावात आली असेल तर तिच्यातही फोरामिनिफेरा असणारच, आणि अशा थराची गल्लत त्सुनामीच्या थराशी होऊ शकते. त्यामुळे ठाणे, मनोरी किंवा गोराई खाडीच्या काठी जेथे कधी भराव पडला नाही, मिठागरासाठी बांध घातला गेला नाही आणि चिखल उपसला गेला नाही, अशाच जागी गाळाचे नमुने घेतले पाहिजेत. अशा जागा दरवर्षी कमी होत आहेत. १९४५ चा थर तेथे असलाच तर तो नेमका कोठे पाहायचा हेही सांगता येते. अणुचाचण्यांतून वातावरणात पसरलेले सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य जगभरच्या गाळात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दिसू लागते आणि १९६३ च्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. चिखल ढवळला गेला नसेल, तर १९४५ ची वाळू या सीझियमच्या पहिल्या खुणेच्या थोडीशी खाली असायला हवी. तो थर हाती आला, तर २ मीटरची ज्ञात लाट या किनाऱ्यावर कोणती कवचे, किती आणि किती आतपर्यंत टाकते याचे मोजमाप मिळेल, आणि त्याच्या खालच्या, कार्बन-१४ ने वय काढाव्या लागणाऱ्या जुन्या थरांची तुलना त्या मोजमापाशी करता येईल.