रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट

ब्रिटनच्या रोल्स-रॉइस कंपनीने १९०६ ते १९२६ या काळात बनवलेली आलिशान मोटार. कंपनीच्या दप्तरी तिची नोंद नुसती ‘४०/५० अश्वशक्ती’ अशी होती. ‘सिल्व्हर घोस्ट’ हे मुळात एकाच गाडीचे लाडके नाव. कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी १९०७ मध्ये एका गाडीला ॲल्युमिनियमचा रंग दिला, दिवे-कड्यांवर चांदीचा मुलामा चढवला आणि भुतासारखी आवाज न करता येते म्हणून तिचे हे बारसे केले.

हा निःशब्दपणा गाद्यागिरद्यांतून आलेला नव्हता. कंपनी फक्त चॅसी, म्हणजे इंजिन-चाकांसह गाडीचा खालचा सांगाडा, बनवी. बॉडी गिऱ्हाइकाने बार्करसारख्या कारागिरांकडून वेगळी करून घ्यायची. खरी कमाल इंजिनात होती. कंपनीचे संस्थापक-अभियंते हेन्री रॉइस यांच्या आधीच्या सहा सिलिंडरांच्या गाडीत क्रँकशाफ्टला (पिस्टनच्या मागेपुढे हालचालीतून फिरणाऱ्या इंजिनातल्या दांड्याला) पीळ बसून कंपने उठत, कधी तो मोडेही. या वेळी त्यांनी तीन-तीन सिलिंडरांचे दोन ठोकळे केले, क्रँकशाफ्ट जाडजूड घेतला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि वंगणतेल दाबाने आतपर्यंत पोचवले. ७,०३६ घ.सेंमी. क्षमतेच्या या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग होते. ब्रेकच्या बाबतीत मात्र गाडी मागासच राहिली : पुढच्या चाकांना ब्रेक मिळायला अखेरची वर्षे उजाडली.

जॉन्सन यांची ती रुपेरी गाडी १९०७ मध्ये लंडन-ग्लासगो अशा खेपा करत जवळपास १५ हजार मैल धावली. नंतर ती उघडून तपासली, तेव्हा झिजलेले भाग बदलण्याचा खर्च निघाला अवघा २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. सगळ्याच परीक्षा अशा सुरळीत पार पडल्या नाहीत. १९१२ च्या आल्प्स शर्यतीत जेम्स रॅडली यांची गाडी कात्शबर्गच्या चढावर अडली, कारण तीनच गिअर. पुढच्या वर्षी चौथा गिअर देऊन कंपनीचे गाडीवान पुन्हा आल्प्समध्ये उतरले आणि नाव कमावून परतले.

घाटाची परीक्षा तिने आपल्याकडे त्याआधीच दिली होती. १९०८ च्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची गाडी सह्याद्रीचे घाट चढली-उतरली. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. पहिल्या महायुद्धात याच चॅसीवर पोलादी पत्रे चढवून चिलखती गाड्याही झाल्या.

१९२५ मध्ये ‘न्यू फँटम’ बाजारात आली, तेव्हा जुन्या गाड्यांना वेगळे ओळखता यावे म्हणून कंपनीने ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव सगळ्यांनाच लावले.